भिंतीकडे तोंड

कंटाळा आला की भाऊ तोंड भिंतीकडे फिरवत. दुसरं काही करणं त्यांच्या हाती नव्हतंच. बोटीवर खलाशी असताना ते मालाच्या खणात पडले, कंबर मोडली, आणि तिशीच्या आत आमच्या रत्नागिरीच्या आळीत, खिडकीजवळच्या खाटेवर येऊन पडले ते कायमचे. समोरच्याचं बोलणं नकोसं झालं तरी उठून जाता येत नाही. मग मान वळवायची आणि चुन्याच्या भिंतीकडे बघत राहायचं.

असा हक्काचा श्रोता तुम्हाला तरी कुठे मिळणार? आळीतल्या ज्याला कोणाला शाळा-कॉलेजात उभं राहून बोलायचं असे, तो आदल्या संध्याकाळी भाऊंसमोर बोलून बघे. "बोल. मी काय पळून जातोय?" असं म्हणून भाऊ सुरुवात करून देत. त्यांचं तोंड आपल्याकडे आहे तोवर आपलं बरं चाललंय, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

ही पद्धत पाडली मी. तेव्हा मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते आणि मला कोळंबीवर सेमिनार द्यायचा होता. भाऊ माझ्याहून थोडेच मोठे आणि दिसायला बरे. बरे कसले, चांगलेच. सगळी आळी त्यांना भाऊ म्हणायची. मी तेवढी ते म्हणायचं टाळत असे.

त्या संध्याकाळी या बाईसाहेबांनी अबोलीचा गजरा माळला आणि तोंडाला एवढी पावडर थापली की आई म्हणाली, "रव्यात घोळवलेली कोळंबी दिसतंस गो."

खाटेवरच्या एकुलत्या एक माणसाला मी "आदरणीय अध्यक्ष महोदय" म्हटलं आणि कागदावरून कोळंबीची लॅटिन नावं वाचायला घेतली. दुसऱ्या पानावर भाऊंनी तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, लाजले! मी आवाज आणखी गोड केला. पाचव्या पानावर शंका आली.

"झोपलात?"

"नाय. वाट बघतोय."

"कशाची?"

"तू कधी बोलायला लागतंस त्याची. आतापर्यंत कागद बोलत होता."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. भाऊ भिंतीलाच म्हणाले, "कोळंबीचं तुला आवडतं काय?"

"खायला आवडते."

"त्याच्या आधी?"

मी फुरंगटून म्हटलं, "पकडायला गेलं की मागच्या मागे उडी मारते, ते."

तोंड माझ्याकडे फिरलं. "मागे? ती का गो?"

मग मी कागद बाजूला ठेवला आणि सांगत सुटले. शेपूट कशी झटकन आत दुमडते, खडकातल्या डबक्यात आम्ही पोरं ओंजळी घेऊन कशी बसायचो, सगळं. ऐकून झाल्यावर भाऊ म्हणाले, "हे पहिलं सांग. नावं मागाहून. आता माझा प्रश्न. मागे काय आहे ते तिला दिसतं काय?"

मी सुचेल ते ठोकून दिलं. तोंड पुन्हा भिंतीकडे.

"माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं आणि गप्प राहावं. थापा मारल्यास की समोरच्याला कळतं."

सेमिनार झकास झाला. गजरा फुकट गेला. पुढे माझं लग्नही त्याच आळीत झालं. वरात चार घरं चालली आणि संपली. बाकीच्या मुली मुंबईला गेल्या, मी चार घरांचा प्रवास करून आळीतच अडकले. लग्नानंतर मात्र भाऊंना भाऊ म्हणायला लागले. आता भीती नव्हती.

वर्षं गेली. तक्ते गेले, लॅपटॉप आले. भाऊंचे केस पांढरे झाले, वळायची ती मान तेवढी तशीच. माझी नात मुक्ता इंजिनिअरिंगला गेली आणि तिचं प्रेझेंटेशन घेऊन त्याच खाटेशी उभी राहिली. एकेका स्लाइडवर अक्षरांची नुसती दाटी, आणि ही त्यांच्याकडे पाठ करून ती वाचतेय.

"मुक्ते, त्या पडद्याला सगळं पाठ आहे गो. मला सांग."

आजीची नातच ती, आधी फुरंगटली आणि मग बोलायला लागली.

भाऊंचं सगळं करायची ती त्यांची वहिनी. गेल्या वर्षी ती गेली. तिचा मुलगा चिपळूणला असतो. दिवस झाल्यावर तो म्हणाला, "काका, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. आता तिकडेच."

भाऊंनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "मला इथंच राहायचंय. त्याला पटवायचंय. माझी तयारी घे."

मुक्ताने स्लाइड्स केल्या. भाऊ बोलायला लागले: दवाखाना जवळ आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत, घर बंद ठेवलं तर वाळवी लागेल. मी खुर्चीवर ऐकत होते. वाळवीपाशी मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काय गो, बदला घेतंस?"

"वाट बघतेय," मी म्हटलं.

भाऊंनी एकदा स्लाइडकडे बघितलं, एकदा खिडकीकडे. मग मुक्ताला म्हणाले, "मीट तो लॅपटॉप."

रविवारी पुतण्या आला, सोबत सूनबाई. भाऊंनी अध्यक्ष महोदय केलं नाही. म्हणाले, "ही खिडकी बघ. सकाळी मासेवाली इथं टोपली टेकते. मी बांगड्याचा भाव विचारतो. मी घेत नाही हे तिला ठाऊक आहे, तरी थांबते. मग पोरं येतात शाळेतलं काय काय घेऊन. मी कुठे जाऊ शकत नाही, पण इथं सगळी माझ्याकडे येतात. तिकडे वरच्या मजल्यावर कोण येईल रे?"

सूनबाईंनी पदर डोळ्याला लावला. पुतण्याने फोन खिशात ठेवला. मुक्ताने माझा हात दाबला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

पुतण्या खाटेच्या कडेवर बसला. वाईट मुलगा नाही तो. हळूच म्हणाला, "काका, एकच विचारू? रात्री तुम्हाला कुशीवर कोण वळवणार?"

या प्रश्नाची तयारी आम्ही केली नव्हती. पैसे देऊन माणूस ठेवून बघितला होता, तो आठवडाभरही टिकला नाही. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. जिना चढायला मलाच मुक्ताचा हात लागतो.

"माहीत नाही," भाऊ म्हणाले आणि गप्प राहिले.

चिपळूणला त्यांची खाट हॉलच्या मधोमध टाकली. एका अंगाला टीव्ही, दुसऱ्या अंगाला जेवणाचं टेबल. व्हिडिओ कॉलवर मला म्हणाले, "सगळी मायेनं करतात गो. फक्त तोंड फिरवायला भिंत नाय." मुक्ता फोनवरून त्यांना प्रेझेंटेशन ऐकवायची. मागे मालिका चालू असायची आणि भाऊ डोळे मिटून ऐकायचे. कंटाळले की ऐकतायत, हे आम्हाला कळायला मार्गच उरला नव्हता.

शिमग्याच्या सुमारास ते गेले.

परवा पुतण्याने घराची किल्ली माझ्याकडे दिली, अधूनमधून झाडून घ्यायला. मी खिडकी उघडली. खाट नव्हती. ती होती तिथे भिंतीवर, उशीच्या उंचीला, तोंड फिरवून टेकलेल्या डोक्याच्या तेलाचा मोठा डाग होता. किती जणांनी मिळून पाडला असेल तो! पहिला हात माझाच.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. हातात कागद नव्हता.

"कोळंबी घाबरली की मागच्या मागे उडी मारते," मी म्हटलं. "मागचं तिला दिसतं की नाही, मला अजून माहीत नाही."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून भाऊ म्हटलं नाही.