नानांचा नापास झालेला पाठ

श्री. पुंडलिक रामदास बडगुजर, म्हणजे आपणा सर्वांचे नाना, यांनी साठ वर्षे पूर्ण केली. त्यांच्या गौरवग्रंथात विद्यार्थ्यांनी लिहावे, शाळेतल्या सहकाऱ्यांनी लिहावे, हे रास्तच आहे. मी या दोन्हींत बसत नाही. मी त्यांचा परीक्षक होतो आणि मी त्यांना नापास केले होते. हे ठाऊक असूनही संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला, यामागे नानांचाच हात असावा असा मला संशय आहे.

बारा वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका अध्यापक महाविद्यालयात मी नवा व्याख्याता होतो. वय सत्तावीस, शाळेत शिकवल्याचा अनुभव एका वर्षाचा आणि रुबाब पंचवीस वर्षांचा. बी.एड.च्या प्रवेशाच्या दिवशी कोट-टोपीतले एक गृहस्थ रांगेत उभे दिसले. मी म्हणालो, "काका, पालकांनी बाहेर बाकावर बसायचं. मुलाला पाठवा आत."

"मुलगा नोकरीला लागला, सर. प्रवेश माझाच आहे."

रांगेतली पोरे खदखदून हसली. नाना रागावले नाहीत. त्यांनी कागद पुढे केले. त्यावर विज्ञानाची पदवी होती आणि अमळनेरच्या एका तेल-कारखान्याच्या प्रयोगशाळेत वीस वर्षे काम केल्याचा दाखला होता. थेंबभर तेल तळहातावर चोळून ते सरकीचे की भुईमुगाचे हे सांगणारा माणूस, असे त्यांच्याबद्दल पुढे ऐकले.

ते शाळेत कसे आले, हेही सांगायला हवे. अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेला दोन वर्षे विज्ञानाचा शिक्षक मिळत नव्हता. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असे; मुले गाईड पाठ करून परीक्षेला बसत. मुख्याध्यापकांनी गळ घातली आणि नाना कारखाना सोडून वर्गात आले. तीन वर्षांत मुले स्वतःच्या हाताने प्रयोग करू लागली. मग वरच्या कचेरीतून पत्र आले: सदर शिक्षक अप्रशिक्षित आहेत, वर्षभरात बी.एड. न झाल्यास नेमणूक रद्द समजावी. कारखान्यातली जागा केव्हाच भरली गेली होती. इकडे नापास झाले असते तर नाना घरी बसले असते आणि त्यांची मुले पुन्हा गाईडकडे गेली असती. हे सारे मला माहीत होते, म्हणूनच पुढचे लिहिताना जड जाते.

परीक्षेचा पाठ आठवीच्या वर्गावर होता. विषय घनता. मी मागच्या बाकावर निरीक्षणवही उघडून बसलो. आमच्या पद्धतीत प्रस्तावना झाली की हेतुकथन करायचे, म्हणजे आज काय शिकणार ते मुलांना सांगून फळ्यावर लिहायचे. नानांनी काहीच सांगितले नाही. पाण्यात तेल ओतले, बाटली हलवली, टेबलावर ठेवली आणि गप्प उभे राहिले. तेल वर आले.

एक मुलगा उठून अहिराणीत म्हणाला, "सर, तेल हलकं शे, म्हनीसन वर येस."

"कोनापेक्षा हलकं शे?" नानांनी विचारले.

"बठ्ठासपेक्षा!" म्हणजे सगळ्यांपेक्षा.

नानांनी दुसरी बाटली काढली. तीत स्पिरिट होते. त्यात तेल ओतले, तर ते थेट तळाशी गेले. "तेल बुडनं! सर, तेल बुडनं!" असा एकच ओरडा झाला. मुले बाकांवर चढली, टेबलाभोवती जमली, आपसात भांडू लागली. घंटा झाली तरी कोणी हलेना.

मी वहीत लिहिले: हेतुकथन नाही. फलकलेखन नाही. बोलीभाषेचा वापर. संकलन (शेवटची उजळणी) व गृहपाठ राहिले. अनुत्तीर्ण, पाठ पुन्हा घ्यावा.

नानांनी शेरा दोनदा वाचला. एवढेच म्हणाले, "सर, तेल बुडणार हे आधीच सांगितलं असतं, तर पोरांनी बघितलं असतं का?"

"नियम आहे," मी म्हणालो.

आठ दिवसांनी दुसऱ्या तुकडीवर तोच पाठ झाला. पाठाचे लेखी टाचण निर्दोष होते. नानांनी फळ्यावर हेतू लिहिला, शुद्ध भाषेत सांगितले की स्पिरिटमध्ये तेल बुडते, आणि मग तेल ओतले. ते बुडाले. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. एकही मूल जागचे उठले नाही. मी 'उत्तम' असा शेरा दिला आणि सही करताना मला स्वतःची लाज वाटली. नाना पास झाले.

धुळे सोडण्यापूर्वी त्यांनी माझ्यावर एक उपकार केला. विज्ञान शिकवण्याच्या पद्धती मी सांगत असे, पण तो स्पिरिटचा प्रयोग मी आयुष्यात केला नव्हता. हे त्यांनी ओळखले होते. एका दुपारी प्रयोगशाळेत बोलावून त्यांनी तो आणि आणखी दहा-बारा प्रयोग माझ्या हातून करून घेतले. याची वाच्यता त्यांनी कधी कुठे केली नाही. मी आज प्रथमच करतो आहे.

प्रशिक्षण नको, असे माझे म्हणणे नाही. नानांचे फळ्यावरचे अक्षर आमच्याकडेच सुधारले, हे तेही कबूल करतात. पण त्यांच्यानंतरही शेतकी खात्यातून, दवाखान्यातून शाळेत शिकवायला आलेले अनुभवी लोक आमच्याकडे येत राहिले. वीस वर्षे हाताने काम केलेल्या माणसाला आम्ही बावीस वर्षांच्या पोरासारखेच मोजले. काहीजण दोन-चार पाठांनंतर निघून गेले. नानांएवढी सोशिकता त्यांच्यापाशी नसेल. ती असायलाच हवी होती, असे तरी का म्हणावे? त्यांच्या शाळांतल्या मुलांचे काय झाले, ते मला ठाऊक नाही.

नाना, तुम्ही यंदा निवृत्त झालात, आणि तरी रोज सकाळी मुले तुमच्या ओट्यावर बाटल्या घेऊन जमतात, असे ऐकतो. हात स्थिर राहोत, दृष्टी चांगली राहो आणि तो ओटा पुढची चाळीस वर्षे असाच भरलेला राहो. भेटीत मी क्षमेचा विषय काढला की तुम्ही चहा मागवता आणि बोलणे दुसरीकडे नेता. म्हणून आज ती छापून मागतो आहे.