टेबलाच्या कडेच्या चार खाचा

बॉबिनकाकांचं खरं नाव मला अजून ठाऊक नाही आणि आता विचारायची लाज वाटते. सायकलच्या दुकानामागे त्यांची एक लांबट खोली आहे. आत शिरायचं तर आधी बिडाच्या पायांची रांग ओलांडावी लागते. पायाने चालवायच्या जुन्या शिलाई मशिनांचे ते पाय. वर फळ्यांवर मशिनांची काळी डोकी, कोपऱ्यात लाकडी टेबलं, खण, चाकं, चामडी पट्टे. काकू, म्हणजे त्यांची बायको, दुपारी डबा घेऊन येतात आणि रोज तेच म्हणतात, "एवढ्या सवती आणल्यात, निदान डबा टेकवायला तरी जागा ठेवा!"

काका पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात मेकॅनिक होते. तिथे विजेची मशिनं आली तेव्हा पायाची सगळी भंगारात निघाली. काकांनी त्यातलं एक हातगाडीवर घालून घरी आणलं, मग दुसरं, मग तिसरं. कारखाना कधीच बंद पडला, काकांचं आणणं काही बंद पडलं नाही. गंजून दगड झालेलं मशीन ते रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, एकेक स्क्रू सोडवून डब्यांत क्रमाने लावतात आणि सगळं जोडून झालं की चप्पल काढून पायडलवर पाय ठेवतात. "चपलेतून कळत नाही," म्हणतात. "म्हातारीला कुठे दुखतंय ते ती तळव्याला सांगते."

त्यांचा एक नियम आहे. लोखंडाचं काम ते कोणाचंही करतील. पण लाकडाला हात लावण्याआधी त्या मशिनावर बसणारं माणूस त्यांना समोर बसलेलं बघायचं असतं. मला हा निव्वळ म्हातारपणचा हट्ट वाटला. माझ्या जिभेला तसंही हाड नाही, मी तसं बोलूनही दाखवलं.

मी त्यांच्याकडे दुरुस्तीला नेलेलं मशीन माझ्या आईचं होतं. त्यावर लोकांचे कपडे शिवून तिने आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांसमोर मधोमध धुकं धरलं. कडेचं दिसतं, समोरचं नाही. सुई तर नाहीच. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळायचं. तेव्हा मी मोठा शहाणपणा केला. मशीन मागच्या गॅलरीत ढकललं आणि त्या जागी माझं कॉम्प्युटरचं टेबल लावलं.  तेव्हापासून आई दिवसभर खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसू लागली, आणि ते रिकामे हात मला बघवेनात. मी विजेचं मशीन आणलं. तिने एकदाच लावून पाहिलं. "हे पळतं गं. मला ओढत नेतं," म्हणाली आणि झाकून ठेवलं. जुनं मशीन तिच्या पायाच्या ऐकण्यातलं होतं. ते परत चालू झालं तर आई परत चालू होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नाही झालं तर पुढे काय, ते मला ठाऊक नव्हतं.

गॅलरीत पाणी गळून टेबल फुगलं होतं, मशीन गंजलं होतं. आई महिनाभर मावशीकडे गेली, तेवढ्यात मी ते टेम्पोत घालून काकांकडे नेलं.

"तुमच्या आईंना, वहिनींना, एकदा घेऊन या," काका म्हणाले.

"काका, तिला सरप्राइज द्यायचंय. तुम्ही फक्त नव्यासारखं करा."

"अहो, पण बसणारी बघितल्याशिवाय..."

"एकदा राहू द्या ना तो नियम बाजूला!"

मी रोज जाऊन त्यांचं डोकं खाल्लं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी हात टेकले. टेबलाच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवत एवढंच विचारलं, "या खाचा कसल्या?"

कडेला चार खाचा होत्या, वेड्यावाकड्या. "उंदरांनी कुरतडलं असेल," मी म्हणाले. "नाहीतर आम्ही पोरांनी. घालवून टाका."

त्यांनी घालवल्या. सरस आणि लाकडाचा भुसा कालवून भरल्या, पॉलिश पेपरने घासल्या, वर लाखेच्या पॉलिशचे हात दिले. टेबलात तोंड बघून घ्यावं असं झालं, खाचा कुठे होत्या तेसुद्धा कळेना.

आई परतली त्या दिवशी मशीन लावायला काका स्वतः आले. मी तिला हाताला धरून बसवलं. तिने चाकावरून हात फिरवला आणि चप्पल काढली. काका माझ्याकडे बघून हसले. पायडल हललं, चाक फिरलं. "अगं, हिचा आवाजसुद्धा तोच!" आई म्हणाली आणि माझा जीव भांड्यात पडला. तिने चादरीचा एक तुकडा मागितला, कड दुमडली आणि डावा हात टेबलाच्या कडेवर नेला. बोटं पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. मग टोकापर्यंत जाऊन थांबली.

"छान झालंय हं," ती म्हणाली. "बघू नंतर." आणि उठून आपल्या खुर्चीत जाऊन बसली. हात परत मांडीवर.

काकांचा चेहरा पांढरा पडला. "ताई," ते हळूच मला म्हणाले, "ते उंदीर नव्हते."

आईला खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं. मशीन घेतलं त्या वर्षी तिनेच चाकूने त्या खाचा पाडल्या होत्या. सारखी टेप उचलण्यात वेळ जायचा, म्हणून टेबलाच्या कोपऱ्याला कापड धरायचं आणि खाचेपर्यंत मोजायचं. टेप आता तिला दिसणार नव्हती. खाचा बोटाला दिसल्या असत्या.

"मग परत पाडू की! मापं सांग," मी म्हणाले.

"आकड्यात कुठे ठेवली होती गं मी मापं? बोट ठेवलं की कळायचं."

मी काकांवर भडकले. "निदान तुम्हाला तरी कळायला नको का?" हा अन्याय आहे, हे बोलता बोलताच मला कळत होतं. ते म्हणाले, "कळायलाच हवं होतं. नाहीतर नियम कशाला केला मी?" आणि पिशवी उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते पुन्हा दारात. "वहिनी, तुमच्या हातचं जुनं काही आहे का घरात?"

होतं. माझा दुसरीतला पिवळा फ्रॉक. तो मी कपाटाच्या तळाशी जपून ठेवला होता, हे आईलाही माहीत नव्हतं. काकांनी तो खिडकीपाशी अंथरला आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला. गळ्याची पट्टी मोजली. पाठीवरच्या काजांमधली अंतरं मोजली, सगळी सारखी निघाली. बाहीची कड मोजली. तीन मापं कागदावर आली.

"चौथी खाच लांब होती," आई म्हणाली. "घेराच्या दुमडींची."

घेराला खाली तिने एकाच मापाच्या चार आडव्या दुमडी घातल्या होत्या. दर वर्षी एक उसवायची, फ्रॉक तेवढा लांब व्हायचा. उसवलेल्या तिन्हींच्या फिकट रेघा कापडावर दिसत होत्या. काकांनी फ्रॉक उलटा केला. चौथी दुमड तशीच शिवलेली होती.

"ही राहिली की," काका म्हणाले.

"खांद्यात बसेना मग तिला. नाहीतर अजून एक वर्ष गेलं असतं."

मी चाळिशी उलटलेली बाई, स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. लहानपणी मला कधी कपडा आखूड झाला नाही, हे मला आठवत होतं. तो का झाला नाही, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. आणि जिच्या पायांवर मी वाढले तिचं मशीन मीच गॅलरीत ढकललं होतं.

डोळे पुसून बाहेर आले तेव्हा काका छिन्नी घेऊन आपलंच आरशासारखं पॉलिश कापत बसले होते. आईचं बोट कडेवर. "जरा डावीकडे घ्या भाऊ... अजून केसभर... हां, हीच!" चारही झाल्यावर काकांनी खाचांच्या कडा घासून मऊ केल्या, बोटाला लागू नयेत म्हणून.

त्या दिवसापासून आई रोज बसते. सुईत दोरा ओवायला तेवढी मी लागते, आणि ते काम मी दुसऱ्या कोणाला देणार नाही. शिवताना ती मशिनाकडे बघतसुद्धा नाही, खिडकीकडे तोंड करून माझ्याशी गप्पा मारते. देवाचे आभार मानायचे तेवढे मानतेच मी, पण काकांचे जरा जास्त.

सगळ्यात आधी तिने काकांसाठी एप्रन शिवला, जाड निळ्या कापडाचा. कापून मी दिलं, शिवायला तिला चार दिवस लागले. आम्ही दोघी तो घेऊन खोलीवर गेलो. काकांनी लगेच अंगात चढवला. काकू खालची कड चाचपत म्हणाल्या, "वहिनी, हे खाली एवढं जाड काय लागतंय?"

आईने हात लावून पाहिला आणि कपाळावर मारून घेतला. "अगं बाई! दुमड घातली वाटतं मी. बोट आपोआप चौथ्या खाचेवर गेलं. द्या, उसवून देते."

"सत्तरीत वाढणार आहेत का हे आता!" काकूंना हसू आवरेना.

पण काका एप्रन काढायला तयार होईनात. "राहू द्या, वहिनी," ते म्हणाले. "अजून एक वर्ष जाईल."