रीळवाला उत्तमसिंग आणि म्हसोबाची चढण

पांढरकवड्याच्या बाजारात उत्तमसिंग या नावानं चौकशी केली असती तर कोणी ओळख दिली नसती. रीळवाला म्हटलं की पानठेल्यावरचा माणूससुद्धा हात करून दाखवी. उंच, सडसडीत, डोक्याला गुंडाळलेला लाल फेटा, आणि सायकलच्या मागे दोरखंडानं आवळलेली लोखंडी पेटी. त्या पेटीत सिनेमा असे. अर्धाच असे, पण असे.

त्याचं असं होतं. रामलालशेटची गावात पत्र्याची टॉकीज होती, आणि जत्रांच्या मोसमात शेट आसपास कुठेतरी तंबूही ठोकत. दोन ठिकाणी खेळ, पण सिनेमाची प्रत एकच. दोन आणायला शेटचा जीव होत नसे. दुपारी टॉकीजमध्ये पूर्वार्ध दाखवून झाला की ती पेटी एस.टी.नं तंबूकडे जाई. उत्तरार्ध संपेपर्यंत मात्र दिवस कलायला यायचा, आणि त्या वेळी त्या बाजूला एकही गाडी नसे. म्हणून दुसरी पेटी उत्तमसिंगच्या सायकलवर. तंबूत इंटरवल व्हायच्या आत ती पोचली पाहिजे, एवढंच त्याचं काम.

घराण्याला शोभणारंच काम होतं म्हणा. त्याचे आजे-पणजे लदेणी घेऊन, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून, मुलूखभर फिरले. पुढे आगगाड्या आल्या, सडका झाल्या, आणि तांडा एका जागी बसून शेती करू लागला. उत्तमसिंगचा जीव मात्र शेतात कधी रमला नाही. कापूस वेचायला नेलं तर हा बांधावर उभा राहून सडकेकडे बघत बसे. सायकलवर बसला की त्याला बरं वाटे, मग मागे पेटी असो की मिठाचं पोतं.

आणि त्याला प्रश्न फार पडत. टॉकीजचा ऑपरेटर सदाशिवराव त्यापायी मेटाकुटीला आला होता. रिळाच्या कडेला भोकं कायले? नटी रानात गाणं म्हणते तर पेटी कोण वाजवते? पडद्याच्या मागून पाह्यलं तर माणसं डावखुरी काहून दिसतात? सदाशिवराव म्हणे, "उत्तमसिंग, तुह्या तोंडाले बूच बसवा लागते एक." पण तहानलेल्याला पाणी पाजावं तसं रोज काहीतरी उत्तरही देई, कारण त्या कोंदट खोलीत दुसरं बोलायला होतं कोण?

त्या वर्षी, म्हणजे महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी, शेटनी धामणीच्या जत्रेत तंबू लावला, आणि उत्तमसिंगच्या वाटेत म्हसोबाची चढण आली. सरकारी सडक त्या टेकडीवर सरळ नाकासमोर चढलेली. अर्ध्यात गेलं की सायकलचं पुढचं चाक हवेत उठू पाही, इतकी मागची पेटी जड. उतरून ढकलण्यावाचून इलाज नाही. माथ्यावर पोचलं तरी सुटका नव्हती, कारण पलीकडच्या उतारावर सुटा मुरूम. तिथंही पेटीच्या भीतीनं पायीच उतरायचं. हा धामणीत पोचे तोवर तंबूत इंटरवल होऊन गेलेला असे आणि लोक रीळवाल्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करत असत. एका संध्याकाळी त्यांनी बसायच्या ताडपत्र्याच फाडल्या.

शेटनी त्या रात्री फाटलेल्या ताडपत्र्या मोजून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी शांतपणे म्हणाले, "नागपूरले माह्या साळ्याजवळ फटफटी हाय. चालवणाराही हाय. जत्रा संपली का आणतो."

"आन् मी?"

"तू जिनात लाग. तिथं हमाल पाह्यजेतच."

जिन म्हणजे कापसाची धूळ आणि चार भिंती. उत्तमसिंग म्हणाला, "शेटजी, एक डाव तरी इंटरवलच्या आत आणून दाखवतो."

"दाखव. एक डाव दाखवलं तरी फटफटीचं नाव घेत नाही मी," शेट म्हणाले. त्यांना त्यात काही जात नव्हतं. चढण त्यांनीही पाहिली होती.

नेमकी त्याच आठवड्यात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायची एक छोटी फिल्म आली. उत्तमसिंग दारात उभा राहून विडी पेटवत होता, त्यानं सहज पडद्याकडे पाहिलं आणि विडी तशीच राहिली. पडद्यावर सायकली होत्या. एक नाही, दोन नाही, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तशा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि मधल्या सडकेवर पोरं वाकून पायडल मारत होती. मग सडक डोंगरात शिरली. चढ आला. उत्तमसिंग वाट बघत राहिला, की आता उतरतील. कोणी उतरलं नाही. वर, आणखी वर, आणि ऐन माथ्याजवळ रीळ फाटलेलं होतं. पडदा पांढरा झाला आणि मुख्य सिनेमाची नावं सुरू झाली.

"कोणचा मुलूख हाय तो?" त्यानं सदाशिवरावला गाठलं.

"इटली. अन् तो भूमध्य समुद्र." सदाशिवराव सातवी पास होता.

"समुद्र पांढरा असते?"

"फिल्म काळी-पांढरी हाय ना बाबा."

"बरं. पण ते उतरले काहून नाही?"

पुढचे दोन-तीन दिवस उत्तमसिंग ती फिल्म पाहायला मुद्दाम लवकर येत राहिला. त्या पोरांच्या सायकलींना मागच्या चाकाला एकाऐवजी दातेरी चकत्यांची चळतच आहे, हे त्याच्या नजरेनं टिपलं. तो धावत सायकल दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्यानं असली वस्तू जन्मात पाहिली नव्हती, आणि पाहिली असती तरी ती पांढरकवड्यात मिळाली नसती. मग उत्तमसिंगनं त्यांच्यासारखं वाकून पाहिलं, उभं राहून पायडल मारून पाहिलं, फेटा काढून त्यांच्यासारखी टोपी घातली. टोपीचा काही उपयोग झाला नाही. उभं राहून मारायच्या नादात मात्र साखळी तुटली, तो पेटीसकट आडवा झाला, आणि त्या संध्याकाळी तर इंटरवल संपून लोक घरी जायला निघाले होते.

जत्रा संपत आली होती. सदाशिवरावला दया आली म्हणा की कटकट टळावी म्हणून म्हणा, त्यानं त्या फाटक्या रिळाचा कापून टाकलेला तुकडा उत्तमसिंगच्या हातात दिला. "घे, सूर्यासमोर धर आणि पाहत बस. मले विचारू नको."

उत्तमसिंग तो तुकडा घेऊन तांड्यात गेला. घरासमोर त्याची याडी, म्हणजे आई हंसाबाई, गोधडीला टाके घालत बसली होती. हातभर हस्तिदंती बांगड्या, कपाळावर गोंदण, आणि सिनेमाबद्दल मनात पूर्ण तिरस्कार. अंधारात बसून परक्या बायांची रडगाणी ऐकायला पैसे देणारी माणसं तिच्या मते बिनकामाची होती. तरी पोरगा तासभर आभाळाकडे बघत उभा आहे म्हटल्यावर तिला राहवलं नाही.

"काय दिसून राह्यलं रे तिथं?"

"याडी, तू पाहून घे." त्यानं तुकडा तिच्या डोळ्यासमोर उन्हात धरला. "हे पाह्य, हे सायकलवाले. चढून राह्यले, पण उतरत नाहीत. मले हेच समजत नाही."

हंसाबाईनं एक डोळा मिटला. चित्रं नखाएवढी. तिनं तुकडा हातात घेतला, वर सरकवला, खाली सरकवला, परत वर नेला. सायकलवाल्यांकडे तिनं लक्षच दिलं नाही.

"ई तो बळदेर वाट छ," ती आपल्या बोलीत म्हणाली. ही तर बैलांची वाट आहे.

"बैल कुठं हायेत याच्यात?"

"बैल नसन. वाट पाह्य ना. डोंगराच्या डोक्यावर चढतच नाही ते. कमरेनं जाते. इकडून वळली, मंग तिकडून वळली." तिनं हवेत बोटानं एक लांब वेटोळं काढलं. "पाठीवर वझं असलं का असंच जा लागते. सरळ चढवलं का बैल बसते. मंग उठत नाही. तुह्या सरकारी सडकेले हे कोणी सांगितलं नाही. ते साहेबाच्या घोड्यासाठी केली असन."

उत्तमसिंग तिच्याकडे बघतच राहिला. त्यानं तो तुकडा काढून घेतला आणि स्वतः पाहिला. खरंच की! त्याची नजर आठवडाभर चाकांना, पायांना, टोप्यांना चिकटून बसली होती. त्यांच्या बुडाखालची सडक त्यानं पाहिलीच नव्हती. ती डोंगराला वळसे घालत, न रागावता, न घाईनं वर जात होती.

"म्हसोबाच्या टेकडीले अशी वाट असती तर," तो म्हणाला.

"हाय ना," हंसाबाई म्हणाली आणि पुन्हा गोधडीकडे वळली. "मी नवी नवरी होतो तवा शेवटची लदेणी तिकूनच गेली. टेशनावरून मीठ आणलं होतं. मी चालतच होतो मागं."

"मंग इतके दिवस सांगितलं काहून नाही?"

"तू इचारलं कवा? तू तर साऱ्या दुनियेले इचारत फिरते."

हे उत्तमसिंगला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो तिला सायकलवर मागे बसवून टेकडीच्या पायथ्याशी घेऊन गेला. हंसाबाई सडक सोडून सरळ घाणेरीच्या जाळीत शिरली. एका पडक्या विहिरीपाशी थांबली, इकडेतिकडे बघितलं, आणि पाय आपटून म्हणाली, "अठी." खाली माती घट्ट होती, अनेक खुरांनी पिढ्यान्‌पिढ्या दाबलेली. गुराख्यांची गुरं अजूनही तिथून चालत असावीत, कारण वाट पूर्ण बुजली नव्हती. दोघांनी दुपारपर्यंत कुऱ्हाडीनं जाळ्या तोडल्या, धोंडे बाजूला लोटले. एक बैल आणि त्याच्या दोन्ही अंगांची पोती जातील एवढी रुंदी. वळणावळणावर हंसाबाई थांबे आणि सांगे, की इथं बायका गाणं धरत, इथं एका बैलाला साप चावला होता, इथं तुझी मोठी बहीण पोटात होती. उत्तमसिंगनं त्या दिवशी जितके प्रश्न विचारले तितके त्यानं सदाशिवरावला वर्षभरात विचारले नसतील.

जत्रेचा शेवटचा दिवस होता तो. टॉकीजमधला खेळ संपला, पेटी बांधली, आणि उत्तमसिंग निघाला. पश्चिमेला अजून उजेड होता. पडक्या विहिरीपाशी त्यानं सडक सोडली. पहिलं वळण आलं, पाय जड झाले, पण चाक उठलं नाही. दुसरं वळण. छाती भात्यासारखी चालू होती, घाम डोळ्यात जात होता, पण सायकल चालत होती. एकदा पाय टेकला की एवढ्या वजनासकट पुन्हा चढावर सुरू होता येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं पाय टेकला नाही.

माथ्याजवळच्या वळणावर कोणीतरी उभं होतं. हंसाबाई. दुपारी घरी जाते म्हणाली होती, ती गेलीच नव्हती.

"थांबू नको," ती ओरडली. "चाल, चाल!"

लदेणीत म्होरला बैल माथ्यावर आला की त्याला कधी थांबवत नसत; तो थांबला की मागची सगळी रांग चढावर अडकायची. चालता चालताच त्याच्या तोंडात गुळाचा खडा देत. हंसाबाई सायकलच्या बाजूनं पळू लागली. साठी ओलांडलेली बाई, घागरा एका हातात उचललेला, बांगड्या खळखळताहेत. तिनं दुसरा हात पुढे केला आणि पोराच्या उघड्या तोंडात गूळ कोंबला. मग ती मागे पडली. उत्तमसिंगला वळून बघता आलं नाही. त्याला रडू आलं, आणि तोंडात गूळ असल्यामुळे नीट रडताही आलं नाही.

पलीकडचा उतारही तसाच वळत वळत गेलेला होता. पेटी जागची हलली नाही.

धामणीच्या तंबूत पूर्वार्ध चालू होता. उत्तमसिंगनं पेटी तिथल्या ऑपरेटरच्या हवाली केली, घटाघटा पाणी प्यायला, आणि आता काय करावं ते न सुचून लोकांमध्ये ताडपत्रीवर जाऊन बसला. शेजारचा एक म्हातारा विडी ओढत म्हणाला, "आता पाह्यजा गंमत. ऐन वक्ताले रीळ नसते. तो रीळवाला म्हसोबापाशी झोपला असन."

"नाही बापा," उत्तमसिंग म्हणाला, "तो तुमच्या बाजूलेच बसला हाय."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि एक विडी पुढे केली.

रामलालशेट तेव्हा हातात बॅटरी घेऊन सडकेवर उभे होते आणि चढणीकडे डोळे लावून मनातल्या मनात फटफटीचं पेट्रोल मोजत होते. इंटरवल झाला, लोकांनी चहा घेतला, आणि उत्तरार्ध सुरू झाल्याचं संगीत ऐकू आलं तेव्हा ते धावत तंबूत आले. उत्तमसिंग दिसला. शेटनी त्याला हाताला धरून बाहेर नेलं.

"सडकेनं तर कोणी आलं नाही. मी तठीच उभा होतो."

"सडकेनं नाही आलो, शेटजी."

शेटनी बॅटरी विझवली. काही असो, शब्दाचा माणूस होता तो. "ठीक हाय. साळ्याले नाही म्हणून कळवतो. पण कोणच्या वाटेनं आला ते सांग मले."

"ते माह्या याडीले विचारा लागन," उत्तमसिंग म्हणाला. "वाट तिची हाय."