अमेरिकेचा निकाल आणि वारज्याची बस

बसमध्ये शेजारी एक बाई होत्या. मांडीवर डबा, तिकिटाची घडी अंगठीत खोचलेली. माझा मुलगा अमेरिकेत, म्हणून मी तिथला इतिहास मोबाइलवर ऐकते आणि सापडेल त्याला ऐकवते.

"अहो, तिथे काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असायच्या. शेवटी कोर्टानेच सांगितलं, वेगळ्या शाळा म्हणजे समान शाळा नव्हेतच. केवढा मोठा निकाल!"

त्यांनी डब्याचं झाकण घट्ट केलं. "मी चार घरची धुणीभांडी करते, आजी. तुमच्याकडच्या बाईंचा चहाचा कप कुठे असतो?"

खिडकीत असतो, पालथा, आमच्या कपांपासून लांब. मी घाईघाईने उठले. "वारजे आलं वाटतं!"

"बसा," त्या म्हणाल्या, "बस अजून स्वारगेटहून सुटलेलीच नाही."