आक्काला मी देवी केली

देवीचा अनुभव लिहून द्या, म्हणून नातसून किती दिवस माझ्या मागे लागली आहे. म्हातारीनं जन्मभर मंगळवार धरले, तर हिच्यापाशी एखादा गोड अनुभव असणारच, असं तिला वाटतं. अनुभव आहे, पण गोड नाही. शिवाय त्यात मी काही फार शहाणी दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या संस्थानात महाराज गादीवर होते तेव्हाची गोष्ट. मंगळवार पेठेत नांदायला येऊन मला चार वर्षं झाली होती. भक्तीचा ताठा असा, की उपास करायची तोही सगळ्या आळीला कळेल असा. माझी थोरली नणंद, आक्का, गगनबावड्याकडं दिली होती. नवऱ्यानं तिला बैलगाडीत घालून माहेरी परत पाठवली. बरोबर एक गाठोडं आणि निरोप, "डोकं ठिकाणावर न्हाय." तिचा उपद्रव कुणाला नव्हता. आपल्याशीच पुटपुटायची, आणि हात म्हणून थांबायचे नाहीत. वाकळेचे टाके उसवायची, पदराचे दोरे काढायची. सासूबाई दुपारी तिचे हात फडक्यानं बांधून ठेवत. गावात पोरांसाठी बोर्डिंगं निघत होती, पण अशा बाईला बाप-भावाचं घर सोडून दुसरी जागा नव्हती. आणि सासरे तर रोज म्हणू लागले होते, "द्या कुठंतरी देवाच्या दारात सोडून."

अशात एका मंगळवारी आरतीला झांजांच्या आवाजात आक्का घुमायला लागली. भ्याली असेल बिचारी. मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि ओरडले, "देवी आली!" मला खरंच तसं वाटलं का? अर्धं वाटलं. अर्धं असं वाटलं, की देवी झाली तर हिला कुणी घराबाहेर काढणार नाही. आणि उरलेलं अर्धं असं, की आली ती माझ्याच उपासांनी आली. तीन अर्धी झाली ना? तेव्हा माझं डोकं असंच चालायचं, आणि वेडी म्हणायचे ते आक्काला.

मग काय विचारता! दर मंगळवारी आक्काला पाटावर बसवायचं, मळवट भरायचा, ओटी भरायची. बायका नारळ घेऊन यायच्या, पाया पडायच्या. सासरेही पडायचे. आक्का पुटपुटायची आणि तिच्या शेजारी बसून अर्थ सांगायची मी. बाकीचे सहा दिवस हात बांधलेलेच, पण डोक्यावर छप्पर होतं.

एकदा पलीकडच्या आळीतली एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन आली. त्या दिवशी आक्का अक्षर बोलली नाही. नुसती ओटीच्या खणाचे दोरे काढत राहिली. बायका खोळंबल्या होत्या. मीच म्हणाले, "देवी म्हणती, उतरंल ताप." तिसऱ्या दिवशी लेकरू गेलं. ती बाई अंगणात येऊन उभी राहिली. ओरडली नाही, रडलीही नाही. आक्काकडं बघत म्हणाली, "देवी कसली, येडी हाय की ही." ते शब्द मी बोलले होते, हे मी तेव्हा सांगितलं नाही. आज लिहिताना सांगते आहे. आज मला जाब विचारायला कुणी उरलेलं नाही.

सासरे म्हणाले, आता घरात नको. तिला पोचवायला मीच पुढं झाले. "देवीचं देवीला वाहून येते," असं म्हणाले. अंबाबाईच्या देवळात दीपमाळेजवळ तिला बसवली, गाठोडं मांडीवर ठेवलं आणि मागं न बघता निघाले. रस्ताभर वाटत होतं, केवढं मोठं समर्पण केलं मी!

त्यानंतर दर्शन चुकवलं नाही. फक्त महाद्वार सोडून घाटी दरवाजानं जायला लागले, म्हणजे दीपमाळेवरून जायला नको. गाभाऱ्यापुढं हात जोडायचे, "आई, तिला सांभाळ गं." पंधरा-वीस दिवसांनी पाऊस झोडपत होता, तेव्हा राहवेना म्हणून त्या बाजूला गेले. दीपमाळेजवळ कुणी नव्हतं. फुलं विकणारी बाई माझ्याकडं बघत होती.

"तिला हुडकतीस व्हय? पिंजाऱ्याच्या म्हातारीनं न्हेली की घरला. तू तिची कोन?"

मी म्हणाले, "वळखीची हाय."

पिंजाऱ्याचं घर आमच्याच पेठेत, चार गल्ल्या पलीकडं. माणसं मुसलमान. दारात पोचले तर आक्का आत बसून भाकरी खात होती. पहिला विचार माझ्या मनात काय आला असेल? ही यांच्या हातचं खाती! देवळात उपाशी सोडून आले तेव्हा धर्म आठवला नव्हता, तो तिथं आठवला. आक्काच्या भोवती जुन्या गाद्यांचा कापूस पडला होता. पिंजण्याआधी गाठी हातानं सोडवाव्या लागतात, ते काम म्हातारीनं तिला दिलं होतं. हात मोकळे होते. मला बघताच तिच्या हातातली भाकरी गळाली.

"वैनी, आज मंगळवार न्हाय न्हवं? मी पाटावर बसत न्हाय आता."

म्हातारी मला म्हणाली, "आत ये, पोरी. घरची हैस न्हवं तू? न्यायची असंल तर ने. पर बाई म्हनून न्यायची, का देवी म्हनून?"

"घरात... विचारावं लागंल."

"इचार की. मी न्हाय कुनाला इचारलं."

घरी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, तिथंच बरी. नवऱ्यानं ताटावरून मानही वर केली नाही. मी काय केलं? दर आठवड्याला पायलीभर जोंधळे नेऊन देत गेले. आमच्या घराला चार खोल्या होत्या. त्यांच्या एका खोलीत कापूस, माणसं आणि आक्का. म्हातारी गेली, तिच्या सुनेनं आक्काला ठेवली. आक्का शेवटपर्यंत तिथंच राहिली. अधूनमधून घुमायची. सून म्हणायची, "वारं सुटलंय आक्काला," आणि पाणी पाजायची. पाया कुणी पडलं नाही.

मंगळवार मी अजून धरते. देवीपुढं बसले की आता काही मागत नाही. टाकून देण्याला मी वाहणं म्हणत होते, आणि माझं करायचं काम देवीच्या गळ्यात घालून त्याला शरण जाणं म्हणत होते. एवढं कळायला जन्म गेला. नातसून विचारते, "पण आजी, देवीनं ऐकलं की नाही तुमचं?" ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. तिचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत. फक्त आक्काला सांभाळायचं ते काम माझ्या हातून करून घ्यावं, असं तिला वाटलं नाही.