रेखा सरपंच आणि तिची थोरली जाऊ

रेखावर मी जळायचे.

आज सकाळी ती गेली, तरी जळणं थांबलेलं नाही.

रेखा माझी धाकटी जाऊ. कडेगाव तालुक्यातल्या आमच्या छोट्याशा गावाची सरपंच. मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये कॅन्सरनं गेली.

सकाळपासून ग्रुपवर मेसेज पडतायत. प्रत्येकाकडं तिचा वेगळा फोटो. झेंडावंदनाचा, टाकीच्या उद्घाटनाचा, माईक हातात घेतलेला.
अँब्युलन्सच्या मागून गावाकडं येताना माझ्या डोक्यात काय आलं सांगू? मी गेले तर माझा कुठला फोटो लावतील? लग्नातलाच.

सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं, तेव्हा घरात पहिलं नाव माझं निघालं होतं.
मी राज्यशास्त्रात एम.ए. काही वर्षं ज्युनिअर कॉलेजला शिकवलेलं. मूलभूत हक्क, पंचायत राज, घटनादुरुस्त्या, सगळं तोंडपाठ.

पण मला तीन मुलं.
आणि दोनपेक्षा जास्त असली की उभं राहता येत नाही.

दोन मुलींनंतर मी म्हणाले होते, बास आता. सासूबाई म्हणाल्या, "नातवाचं तोंड बगू दे मला."
लेक गुणी आहे माझा, त्याचा काय दोष! पण ज्यांनी मागितला त्यांना कायदा काही म्हणाला नाही. अडवलं मला.

मामंजी म्हणाले, "मग धाकटीला उभी करा." रेखाला एकच मुलगी.

बारावी पास रेखा दणक्यात निवडून आली. गुलालात माखलेली तशीच येऊन माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला. दात आवळून.

शिकवलं तिला मीच. भाकरी थापता थापता.

"आक्का, त्ये चौदावं कलम काय म्हनतंय?"
"कायद्यापुढं सगळे सारखे."
"बाया बी?"
"बाया बी."

तवा उतरवला, तरी तिचे प्रश्न संपायचे नाहीत.

पहिल्या मीटिंगला सरपंचाच्या खुर्चीत तिचा नवरा जाऊन बसला. आजूबाजूच्या गावांत असंच चालतं.
रेखा दारात थांबली. आवाज न चढवता म्हणाली, "आवं, उठा. ही माजी जागा हाय."
भाऊजी उठले.
मी मागं बायकांत उभी होते. अंगावर काटा आला. आणि जळलेही.

मग ते घराचं प्रकरण झालं.

आमच्या गल्लीतल्या एका बाईचं राहतं घर नवऱ्यानं तिला न विचारता विकलं. ती पोरं घेऊन देवळात येऊन बसली.
पुढच्या ग्रामसभेत रेखानं ठराव मांडला. गावातल्या प्रत्येक घराच्या उताऱ्यावर नवऱ्याच्या जोडीनं बायकोचं नाव लावायचं. सरकारचा तसा आदेश जुनाच होता. गावात कुणी त्याला हात लावला नव्हता.

पुरुष उठले. सगळ्यात आधी माझे मिस्टर. रिटायर्ड सुभेदार.
"घर मी बांधलंय. फौजेत हाडं झिजवून. त्यात हिचं नाव कशाला?"

रेखानं डोक्यावरचा पदर नीट केला.
"दादा, तुमी बॉर्डरवर हुता तवा त्ये घर कुनी राखलं?"

सभेत टाळ्या. बायका तर ओरडल्याच.

ते वाक्य माझं होतं. वर्षानुवर्षं मी ते तोंडात घोळवत होते. बोलली ती.

सदस्य चिडले. दोन-अडीच वर्षं झाल्यावर अविश्वास ठराव आणला, मंजूरही केला. पण सरपंच थेट जनतेतून निवडलेली, त्यामुळं शेवटचा निकाल ग्रामसभेच्या हातात. गुप्त मतदानानं.

शाळेच्या पटांगणात रांग लागली. मिस्टर सकाळीच म्हणाले होते, "नीट विचार करून मत दे." त्याचा अर्थ मला कळत होता.

रांगेत उभी राहून मी खरंच विचार केला. पडू दे हिला. एकदा तरी पडू दे. मग घरात आम्ही दोघी पुन्हा सारख्या. दोघीही नुसत्या सुना.

पडद्यामागं गेले. तिथं नवरा नव्हता, सासू नव्हती, रेखाही नव्हती. गुप्त मतदान का असतं हे पोरांना किती वेळा शिकवलं होतं. मला ते त्या दिवशी कळलं.

मी रेखाच्या बाजूनं मत दिलं. जळत जळतच दिलं.

अविश्वास फेटाळला गेला. घरांवर बायकांची नावं लागली. आमच्या उताऱ्यावर माझंही. मी तो वाचला, मिस्टरांपुढं ठेवला आणि चहा टाकला. त्यांचा चहा गार झाला.

मग तिचं दुखणं निघालं.

मिरजेत मी तिच्याजवळ राहायचे. केस गेलेले, आवाज खोल गेलेला. एके दुपारी म्हणाली,
"आक्का, त्या दिवशी मत कुनाला दिलं वो?"
"गुप्त असतं."
"मला म्हाईत हाय."
"काय माहीत आहे?"
"न्हाई सांगायची. गुप्त हाय."

हसताना तिला ठसका लागला. मी पाणी पाजलं. तेवढ्यातही मनात आलं, हिला मरतानासुद्धा हसता येतं.

आज दुपारी तिला नेलं. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. आज गेल्या. कुणी सांगितलं नव्हतं. खुरपणी टाकून आलेल्या, दवाखान्यातनं परस्पर आलेल्या, देवळात बसलेली ती बाईसुद्धा. एकाही पुरुषानं अडवलं नाही. मिस्टर बाजूला सरकले आणि वाट दिली.

मी वळून बघितलं तर पार ओढ्यापर्यंत बायकाच बायका.

माझ्यासाठी नाही येणार एवढ्या. मला माहीत आहे.

हेही तुझंच, रेखा. घेऊन जा.

शेवटचा नमस्कार, सरपंच.

तुझी आक्का