फोल्डरमध्ये कुणीतरी बसलंय

जानेवारीतली दुपार. बाहेर इतकं धुकं, की पार्किंगमधली माझी स्कूटी दिसेना. प्रयोगशाळेचा फाइल-सर्व्हर मी सांभाळायचे आणि वरून हुकूम आला होता: सरांच्या फोल्डरचं नाव बदला, त्यांच्या जागी नवा माणूस येतोय. सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतलं माझ्याखेरीज एकमेव मराठी माणूस. त्यांची वीस वर्षांची मोजमापं त्या फोल्डरमध्ये होती. त्यातली कोणती धरायची, कोणती टाकायची, हे फक्त त्यांनाच ठाऊक. ते लिहून व्हायच्या आतच सर आजारी पडले. आता त्यांना इथंच जवळ पंचकुल्याला घरी आणलंय, माणसं ओळखत नाहीत, असं कानावर आलं होतं.

नाव बदलायला गेले, तर सर्व्हर अडून बसला. आतली एक फाइल कुणीतरी उघडलीय म्हणे. कोणी? तर सरांनीच.

सरांच्या खोलीची किल्ली घेऊन वर गेले. चौकीदार म्हणाला, "महीने से कोई नहीं आया, मॅडम जी." खोलीत कॉम्प्युटरची वायरसुद्धा काढलेली, खुर्चीवर धूळ. खाली येऊन पाहते तर फाइल मघापेक्षा ओळभर मोठी!

घाबरले की मला राग येतो, जुनी खोड. 'काहीतरी जुनंपानं अडकलं असेल, मरू दे,' म्हणत मी सेटिंगच बदलून टाकलं: आत कुणी असलं तरी नाव बदलू दे. आणि बदललं.

मग सर्व्हरच्या नोंदीत ओळी उमटू लागल्या. सरांचं नाव, जुना फोल्डर, सापडत नाही. मिनिटभरानं पुन्हा तेच. पुन्हा तेच. स्क्रीनकडे बघवेना. साडेचारला ते थांबलं, तेव्हा मला चक्क बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी सर गेले. मी घरी भेटायला गेले, तर त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, सरांचा लॅपटॉप दाखवला.

"एका बोटानं टाइप करायचे गं. घरून तुमच्या सर्व्हरला जोडून तूच दिलं होतंस ना?"

हो, मीच. आणि मीच विसरले होते.

"वीसातलं दोनच वर्षांचं लिहायचं राहिलं होतं. एका दुपारी फोल्डरच सापडेना."

"मला फोन का नाही केलात, काकू?"

"मी करतच होते. तर हेच म्हणाले, राहू दे. तिला वरून सांगितलं असेल, पोरगी उगाच ओशाळेल."